तेरा पॉइंट दोन

समोरच्या अर्धवट इमारतीच्या चौथ्या मजल्यावर एक माणूस फळीवर हातोडा मारतो आहे. हातोडा फळीला टेकलेला दिसतो तेव्हा काहीच ऐकू येत नाही. तो पुन्हा वर उचलला जातो, खांद्यापर्यंत येतो, आणि मग ठक्. दर घावाला असंच. आवाज फळीचा नसून रिकाम्या हवेचा आहे असं वाटावं, इतका तो उशिरा येतो. माझी गॅलरी आणि ती इमारत यांच्यामधलं अंतर मी जानेवारीत पावलांनी मोजलं आहे. शंभर मीटरला पाच-सहा कमी. एवढं यायला आवाजाला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. हिंडलग्याच्या रस्त्यावरच्या या घरात मी अकरा वर्षं एकटी राहते, आणि बावीस वर्षं नववीच्या वर्गाला प्रकाश आधी का पोचतो आणि आवाज मागून का येतो हे शिकवते. तरी रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी इथं उभी राहते आणि तो माणूस मला तेच पुन्हा शिकवतो, वर्गातल्या सर्वांत मंद मुलीला शिकवावं तसं, न कंटाळता. कंटाळा मलाच येतो. जानेवारीपासून हा ठोकाठोकीचा पाचवा महिना, आणि यांचा चौथा मजला काही संपत नाही.

सातच्या सुमारास मारुतीरावांचा फोन आला. मारुतीराव आमच्याच शाळेत खेळाचे शिक्षक आहेत आणि डिसेंबरमधल्या धावण्याच्या निवड चाचणीत ते मुख्य वेळाधिकारी होते. त्यांनी आधी मी उठले आहे का ते विचारलं, मग चहा झाला का, मग उन्हाळा किती वाढला आहे ते स्वतःच सांगितलं, आणि शेवटी मुद्द्यावर आले. आज दुपारी नंदगडला जायचं आहे ते लक्षात आहे ना. चाचणीत निवडलेल्या पूर्णिमाच्या घरी बोलावलं आहे, तिचे वडील दोनदा येऊन गेले, नाही म्हणता येत नाही. वसतिगृहाचा फॉर्म तिथंच पुरा करू. मुलीची सही, वडिलांची सही, तीन वेळाधिकाऱ्यांच्या सह्या. निपाणीच्या सरांनी कालच केली, माझी झाली, आता तुमचीच तेवढी राहिली. उद्या सकाळी फॉर्म गेलाच पाहिजे. मग नेहमीसारखे हसून म्हणाले, तुमच्या घड्याळानंच पोरगीचं नशीब काढलं बाई, तुम्ही न्हाईसा तर कसं चालेल. मी बरं म्हणाले. पाच महिने मी प्रत्येक गोष्टीला बरं म्हणते आहे. मार्चमध्ये फॉर्म आला तेव्हा मी तो परीक्षेच्या कामामुळं बाजूला ठेवला. एप्रिलमध्ये पेपर तपासणीमुळं ठेवला. मे महिन्यात बाजूला ठेवायला कारण उरलेलं नाही.

त्या चाचणीचा दिवस मला मिनिटामिनिटानं आठवतो, आणि तो आठवला की पहिल्यांदा चीड येते ती टँकरची. दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांतून शंभर मीटर धावणारी एकच मुलगी वसतिगृहासाठी निवडायची होती. राहणं, खाणं, शिक्षण, प्रशिक्षक, सगळं तिथं. ठरल्याप्रमाणं आधी दोन फेऱ्या आणि मग प्रत्येकीतल्या पहिल्या तिघींची एक अंतिम शर्यत. पण सकाळी दहाला कळलं की मैदान बारापर्यंत रिकामं करून द्यायचं आहे, कारण कुणा पाहुण्यांचं हेलिकॉप्टर तिथं उतरणार आहे. म्हणून अंतिम शर्यतच रद्द झाली. दोन फेऱ्या पळवायच्या, जिची वेळ सर्वांत कमी ती निवडली. मी मारुतीरावांना म्हणाले, वेगवेगळ्या फेरीतल्या वेळा हातानं दाबायच्या घड्याळानं ताडून बघणं बरोबर नाही. त्यांनी हेलिपॅडच्या पांढऱ्या वर्तुळाकडं बोट केलं. मी गप्प बसले. पहिल्या फेरीत तेजस्वी पळाली. तेजस्वी माझी भाची, माझ्या धाकट्या भावाची, परसूची मुलगी. सुरुवातीच्या रेषेवर उभ्या असलेल्या सरांनी लाकडी टाळी डोक्यावर धरली होती, पलीकडच्या टोकावरून मला ती स्वच्छ दिसत होती. दोन फळ्या मिटल्या त्या क्षणी मी घड्याळ दाबलं. आवाज मागून आला, त्याच्याशी माझा संबंध नव्हता. तेजस्वी पहिली आली. घड्याळावर तेरा पॉइंट छत्तीस, नियमाप्रमाणं वर ओढून तेरा पॉइंट चार.

दुसऱ्या फेरीला मुली रेषेवर वाकल्या आणि हेलिपॅडवर पाणी मारणारा टँकर मैदानात शिरला. तो आमच्या आणि टाळीवाल्या सरांच्या मधून रमतगमत निघाला. माझ्या हातात लाल निशाण होतं. ते वर केलं असतं तर शर्यत थांबली असती. निशाण त्यासाठीच असतं. मागून मारुतीराव म्हणत होते, बाई, घ्या घ्या, अकरा वाजून गेले. मी टँकरकडं बघत होते, त्याच्या मागच्या नळातून पाणी ठिबकत होतं, आणि टाळीचा आवाज आला. मी दाबलं. टँकर सरकला तेव्हा मुली वीस मीटर पुढं आल्या होत्या. पूर्णिमा पहिली आली, कॅनव्हासचे बूट घालून. तेरा पॉइंट सतरा. मी मोठ्यानं म्हणाले, तेरा दोन. हीसुद्धा चूकच. वेळाधिकाऱ्यानं आपलं घड्याळ दुसऱ्याला न दाखवता मुख्य अधिकाऱ्याला दाखवायचं असतं. पण आमच्याकडची पद्धत निराळी. एकजण आकडा बोलतो आणि बाकीचे आपापल्या घड्याळाकडं एक नजर टाकून बरोबर म्हणतात. निपाणीचे सर म्हणाले, बरोबर. मारुतीराव म्हणाले, बाई सायन्सच्या, त्यांचं चुकतंय होय. त्या दोघांच्या घड्याळांवर काय होतं मला माहीत नाही. त्यांनीही टाळी पाहिली नव्हती, हे मात्र माहीत आहे. तक्त्यावर तीन रकान्यांत तीनदा तेरा पॉइंट दोन लिहिलं गेलं, एकाच हस्ताक्षरात.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली होती. धावण्याची नव्हे, माझी. सख्ख्या भाचीला दोन दशांशानं घरी पाठवलं, असली बाई. शाळेच्या प्रार्थनेत मुख्याध्यापकांनी माझं नाव न घेता सांगितलं आणि सगळ्या मुली माझ्याकडं बघत राहिल्या. मारुतीरावांनी तर ती गोष्ट प्रत्येक स्टाफरूममध्ये नेली, आणि दरवेळी तिच्यात थोडी भर घातली. एकदा मी ऐकलं, त्यात माझे डोळे भरून आले होते. वहिनी महिनाभर माझ्याशी बोलली नाही. ते मला बरं वाटलं, निदान एका माणसाचा तरी राग सरळ होता. परसूला राग आला नाही. वडगावात आमच्या घरात दोन यंत्रमाग आहेत, त्यांच्या खटखटाटात तो गिऱ्हाइकाला ओरडून सांगत होता, आमची आक्का तसलीच हाय, लहानपणापासनं. मी दारात उभी होते आणि मला ते ऐकायला आवडलं. हे मी लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं यातूनच आलं आहे. मला ते आवडलं.

जानेवारीत समोरची इमारत वर चढली. एका सकाळी मी पहिल्यांदा त्या हातोड्याकडं नीट पाहिलं, आणि कपातला चहा तसाच राहिला. खरं तर मला तेव्हाच कळलं, की मैदानावर त्या क्षणी अंगठ्याला आधीच कळलं होतं, हे मी ठरवू शकत नाही. मी आत जाऊन कागद घेतला. शंभर मीटर, डिसेंबरमधली अकराची हवा, बावीस-तेवीस अंश, आवाजाचा वेग तीनशे पंचेचाळीस धरू. एकोणतीस शतांश. माझं घड्याळ तेवढं उशिरा सुरू झालं. पण कानानं ऐकून बोट हलायला डोळ्यापेक्षा थोडा कमी वेळ लागतो, त्याचे चार शतांश परत द्यायला हवेत. उरले पंचवीस. पूर्णिमाच्या तेरा सतरामध्ये पंचवीस मिळवले की तेरा बेचाळीस. तेजस्वीची वेळ तेरा छत्तीस. फरक सहा शतांशांचा. आणि इथं माझा सगळा कागद कोसळला, कारण हातातल्या घड्याळाची स्वतःची चूकच एक दशांशापर्यंत असते. सहा शतांश म्हणजे काहीच नाही. म्हणजे तेजस्वी पुढं होती असं मी म्हणू शकत नव्हते, आणि पूर्णिमा पुढं होती असंही म्हणू शकत नव्हते. प्रयोगवहीत एखाद्या मुलीनं असं उत्तर आणलं असतं तर मी लाल शाईनं लिहिलं असतं, प्रयोग पुन्हा करा.

लाल शाईनं लिहायला काय जातं. मी मारुतीरावांना सांगायला गेले असते तर पहिल्या वाक्यानंतर त्यांनी माझ्याकडं कसं पाहिलं असतं ते मला दिसत होतं. महिन्याभरानं, सगळं ठरल्यावर, आत्याबाई सांगतात की भाचीवर अन्याय झाला. पाव सेकंदाचं गणित कोण ऐकणार. मी स्वतःला सांगत राहिले की मी पूर्णिमासाठी गप्प आहे. नंदगडची शेतकऱ्याची मुलगी, जिला धावायचे खिळ्यांचे बूट, स्पाइक्ससुद्धा नाहीत, तिच्या हातातून जागा काढून घ्यायची आणि ती कुणाला द्यायची, तर आपल्या घरात. हे इतकं चांगलं दिसत होतं की मला त्याचा संशयच आला नाही. आमचे आप्पा हातमागावर साडी विणायचे, तेव्हा कधी एखादा आडवा धागा सुटायचा. ते विणकाम उसवत बसत नसत. घडी घालताना दोष नेमका आतल्या घडीत जाईल अशी बोटं लावायचे. ती घडी घालायला त्यांनी मला शिकवलं होतं, मी दहा वर्षांची होते आणि माझी बोटं बारीक होती. वरून साडी निर्दोष दिसायची. मी विचारलं तर म्हणाले, नेसणारी तिथं बघत न्हाय पोरी. ते विकायचे साडी. मी काय विकत होते? आमची आक्का तसलीच, हे एक वाक्य. ते टिकावं म्हणून पाच महिने मी बोटं लावून घडी घालते आहे.

दीड वाजता तेजस्वी आली. तिला नंदगडला यायचं होतं. चाचणीच्या दिवशीच तिची आणि पूर्णिमाची ओळख झाली, आणि तेव्हापासून दोघी फोनवर बोलत असतात. काय बोलतात विचारलं तर सांगते, काय न्हाय गं, असंच. पाठीवर सॅक होती, तिला बाहेरून एक कापडी पिशवी बांधलेली. मध्यवर्ती स्थानकावर नंदगडची बस उभी होती. इथं बायकांना बस फुकट आहे, म्हणून वाहकानं आधार कार्ड बघून आम्हा दोघींना शून्य रुपयांची तिकिटं फाडून दिली आणि कन्नडमध्ये मागं जायला सांगितलं, मागं जागा नव्हती तरी. पिरनवाडी मागं पडेपर्यंत आम्ही उभ्याच होतो. देसूरला दोन जागा रिकाम्या झाल्या. बसल्यावर तिनं कापडी पिशवी मांडीवर घेतली आणि तिची गाठ सोडून पुन्हा बांधली. आत तिच्या स्पाइक्स होत्या, पुसून चकचकीत केलेल्या. पूर्णिमाला द्यायला नेते आहे, म्हणाली. दोघींचं माप एकच आहे, फोनवर विचारून घेतलं.

मी विचारलं, मग तू कशावर पळणार?

ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "मी सोडलं, आत्या."

तिनं ते इतकं सहज सांगितलं की मला वाटलं ती एखाद्या शिकवणीबद्दल बोलते आहे. मग ती तशाच सुरात पुढं सांगत राहिली आणि मी ऐकत राहिले. दोन दशांश कुठं गेले ते तिला शोधायचं होतं. डिसेंबरपासून ती तेच शोधत होती. आधी सुरुवातीची पद्धत बदलली. मग पुढचा पाय बदलला, डाव्याच्या जागी उजवा ठेवला, त्यात दोनदा तोंडावर पडली. कोपरावरचे व्रण मी पाहिले होते आणि सायकलवरून पडली असं वहिनीनं सांगितलं होतं. मग तिनं हातांचा झोका लहान केला. मग रात्रीचा भात सोडला. प्रत्येक वेळी तिच्या सरांनी वेळ घेतली आणि प्रत्येक वेळी तेरा चार, कधी तेरा पाच. दहावीचं वर्ष येतंय, बाबा म्हणतात कर काय करायचं ते, आई म्हणते बास. मग तिनं ठरवलं. एवढं सांगून ती माझ्याकडं वळली आणि हसली. तिच्या हसण्यात काही लपवलेलं नव्हतं, तेच मला सहन होईना.

"तूच म्हणतीस न्हवं, आकडा खोटं बोलत न्हाय म्हणून. मग म्हटलं, माझ्यातच न्हाईत ते दोन दशांश. उगंच कशाला खोलात जायचं."

बस एका वळणावर कलली आणि तिची पिशवी माझ्या बाजूला सरकली. पातळ कापडातून स्पाइक्सची टोकं माझ्या मांडीला लागली. मी ती बाजूला केली नाही. माझ्या हिशेबात आजवर एक जागा होती, ती इकडं की तिकडं, आणि दोन नावं. त्या आकड्यावर कुणी आपलं शरीर दुरुस्त करायला घेईल हे मी कागदावर कुठंच मांडलं नव्हतं. शाळेत एखादा तापमापक दोन अंश चुकीचा दाखवत असेल तर मी त्यावर चिकटपट्टी लावून ठेवते, कुणी वापरू नये म्हणून. इथं मी चुकलेलं यंत्र तिच्या हातात दिलं, आणि तिनं त्यावर विश्वास ठेवून एकेक करून आपलं सगळं बदललं, पाय, हात, जेवण, आणि शेवटी बदलायला काही उरलं नाही तेव्हा पळणंच सोडलं. मला बोलायचं होतं. वाक्य तयार होतं. पुढच्या बाकावरच्या बाईनं तेजस्वीला खानापूर आलं का विचारलं, तेजस्वीनं सांगितलं अजून दहा मिनिटं, आणि माझं वाक्य तेवढ्यावर थांबलं. अशा किती बायका, किती टँकर, किती मुख्याध्यापक माझ्या कामी आले आहेत त्याची मोजदाद नाही.

पूर्णिमाचं घर नंदगडच्या बाहेरच्या अंगाला आहे. मारुतीराव मोटारसायकलवरून आमच्या आधीच पोचले होते आणि अंगणातल्या खुर्चीत बसून फणसाचे गरे खात होते. त्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची माझ्यासाठी ठेवली होती. तिच्यावर टॉवेल अंथरला होता. पूर्णिमाचे वडील भरमू मात्र शेवटपर्यंत उभेच राहिले. उंच, वाळके, बोलताना एक हात पाठीमागं धरणारे. त्यांनी मला नमस्कार केला तो मी बसेपर्यंत सोडला नाही. पूर्णिमा आली, पाया पडली, आणि तेजस्वीचा हात धरून तिला बाजूला घेऊन गेली. ती डिसेंबरपेक्षा बारीक दिसत होती. गालांची हाडं वर आली होती. मी भरमूंना सहज म्हणावं तसं विचारलं, सराव चालू आहे का.

त्यांनी मारुतीरावांकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाले, "बाई, एक विचारू काय. पोरगी मंद पडाय लागलीया. तुमच्या घड्याळात तेरा दोन आलतं, माझ्यात एकदाबी येत न्हाय. तेरा चार, तेरा पाच, तिथंच घुटमळतीया."

मारुतीराव म्हणाले, मोबाईलच्या घड्याळाचं काय घेऊन बसलासा. पण भरमू आपलं सांगत राहिले. भात निघाल्यावर रिकाम्या रानात त्यांनी टेप लावून शंभर मीटर आखलं होतं. रोज सकाळी तीनदा पळवतात. अंडी चालू केली, नाचणीचं आंबील चालू केलं. फरक पडेना तेव्हा आपण चार शब्द बोललो, म्हणाले, जागा मिळाल्यावर पोरगीला माज आला असं वाटलं. दोन दिवस ती जेवली नाही. त्यांनी हे सांगितलं तेव्हा पाठीमागचा हात पुढं आणला आणि तो कुठं ठेवावा हे त्यांना सुचेना. तिकडं जोत्यावर पूर्णिमा बसली होती आणि तेजस्वी तिच्या पायात स्पाइक्स चढवून नाडी बांधत होती. दोघी कशावर तरी हसल्या. मी विचारलं, वेळ कशी घेता? कुणी इशारा देतं का? म्हणाले, हिची आई त्या टोकाला हुभी ऱ्हाती आणि पदर खाली टाकती, तोंडानं हो म्हणतीच. मी विचारलं, मग तुम्ही हो ऐकून दाबता?

"न्हाय, बाई. पदर बघून. आवाज मागनं येतोय की. पलीकडच्या बांधावर कोण लाकूड फोडूलालं तर कुऱ्हाड आधी पडती, आवाज मागनं. ते काय शिकाय लागतंय होय?"

मारुतीराव हसले आणि माझ्याकडं वळून म्हणाले, बघा बाई, तुमची नोकरी घेतील हे. मीही हसायला हवं होतं. अंगणात फणसाचा दाट वास होता आणि माझ्या हातात बशी होती, तिच्यात चार गरे होते, मी ते मोजले. मला कुणाचा राग यावा हे समजेना. टँकरवाल्याचा आला, त्या न पाहिलेल्या पाहुण्यांचा आला, बरोबर म्हणणाऱ्या निपाणीच्या सरांचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्यांचा आला. इतका विश्वास कशाला ठेवायचा. कुणी एकानं विचारायचं, बाई, तुम्हाला टाळी दिसली का. एवढं साधं वाक्य. पाच महिन्यांत कुणीही विचारलं नाही. आणि ते विचारतील याची वाट बघत बसायचं काम मला कुणी दिलं होतं?

मारुतीरावांनी हात पुसले, फाईल उघडली आणि फॉर्म माझ्या मांडीवर ठेवला. तीन रकाने, तीनदा तेच, खाली एक मोकळी जागा. पेनाचं टोपण त्यांनीच काढून दिलं. मी पेन घेतलं आणि टोपण मागितलं. त्यांना वाटलं शाई गळते आहे. मी टोपण लावलं, पेन फॉर्मवर आडवं ठेवलं आणि म्हणाले, दुसऱ्या फेरीला मला टाळी दिसली नव्हती. टँकर मधे होता. मी आवाजावर दाबलं.

ते खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात समजावू लागले. तीन घड्याळं सारखी आहेत, बाई. मी म्हणाले, तीन नाहीत, एकच आहे, बाकीची दोन माझ्या तोंडाकडं बघून चालली. त्यावर ते लाल झाले, पण नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, कागद झाला, नाव गेलं, आता कुठं हे उकरता. वर विचारतील तर काय सांगू. मी म्हणाले, हेच सांगा, लेखी देते. मग त्यांनी अंगणाच्या टोकाकडं, जोत्यावरच्या मुलींकडं नजर टाकली, आणि जे मी पाच महिने त्यांच्या तोंडी कल्पून घाबरत होते तेच, अगदी त्याच शब्दांत, म्हणाले.

"लोक म्हणतील, भाचीसाठी केलं. आजपर्यंतचं सगळं नाव पाण्यात जाईल, बाई."

"जाऊ दे," मी म्हणाले. मला वाटलं होतं हे शब्द जड असतील.

भरमू दोन पावलं पुढं आले होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी काय आलं ते मी ओळखलं, ते भय होतं. पण त्याच्या मागोमाग पोरगीला बोललेले ते चार शब्द आठवल्यासारखं काहीतरी आलं आणि त्यांनी मुलीकडं मान वळवली. पूर्णिमा स्पाइक्स घालून अंगणात उतरली होती. सारवलेल्या जमिनीवर तिच्या प्रत्येक पावलाखाली बारीक बारीक भोकं पडत होती आणि ती भोकं बघत पूर्णिमा जागच्या जागी थांबली होती. तेजस्वी तिच्या मागं उभी होती, माझ्याकडं बघत, तोंड थोडं उघडं. मी उठले. फॉर्म मारुतीरावांच्या हातात परत दिला. मग आवाज त्या दोघींपर्यंत नीट पोचेल एवढा मोठा केला.

"पूर्णिमा मंद पडलेली नाही आणि तेजस्वीचे दोन दशांश कुठं हरवलेले नाहीत. तो आकडा माझा चुकला होता, आणि हे मला जानेवारीपासून माहीत आहे. तुमच्यात पुढं कोण, ते मला माहीत नाही. मी या कागदावर सही करणार नाही. दोघींना एका रेषेवर उभं करून पुन्हा पळवा, मारुतीराव, आणि घड्याळ माझ्या हातात देऊ नका."